मानद चिटणीस आणि तात्पुरता सर्व्हर

बैठकीत रागाच्या भरात काही बोलू नये, हे वसाहतीच्या वाचनालयाच्या मानद चिटणिसांना चांगलं ठाऊक होतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून जन्म काढलेला माणूस. समोरचा दुकानदार कितीही थयथयाट करो, तागडीचा काटा स्थिर झाल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही, ही त्यांची शिस्त. पण त्या दिवशी वसाहतीच्या अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला आणि टाकीचं झाकण बदलण्याबद्दल बोलावं तितक्या सहज सांगितलं, की येत्या वार्षिक सभेत वाचनालय बंद करण्याचा ठराव आणायचा आहे, त्या खोलीत व्यायामाची यंत्रं ठेवू. चिटणिसांचा काटा पार टोकाला जाऊन आदळला.

"वाचतं कोण हल्ली?" अध्यक्ष म्हणाले. त्यांचं फरशांचं मोठं दुकान होतं, त्यामुळे ते कोणाशीही बोलताना आधी त्याच्या पायाखाली पाहत. "जग ऑनलाइन गेलं. तुमची पुस्तकांची यादी अजून कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली तुमच्या खिशात. आत काय आहे ते लोकांना कळणार कसं?"

"वार्षिक सभेच्या दिवशी सगळी यादी ऑनलाइन दिसेल," चिटणीस म्हणाले. "भर सभेत, पडद्यावर दाखवतो. नाही दिसली तर मीच खोलीला कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात देईन."

 हे ऐकून सगळ्यांत जास्त दचकले ते स्वतः चिटणीस. यादी ऑनलाइन टाकायची म्हणजे ती नेमकी कुठे नेऊन टाकायची असते, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

खरं सांगायचं तर वाचनालयात फारसं कोणी फिरकत नव्हतं, हे चिटणिसांनाही दिसत होतं. रोज संध्याकाळी ते खोली उघडत, पंखा लावत, खुर्च्या पुसत, आणि कोणी आलंच तर आपण फार कामात आहोत असं दाखवण्यासाठी रजिस्टर उघडून बसत. बहुतेक वेळा कोणी येत नसे. तरीही निवृत्त माणसाला दिवसभर जिची वाट पाहता येईल अशी ती एक खोली होती. ती गेली तर आपल्या संध्याकाळचं काय होणार, या विचारात घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, मग जावयाला विचारा की," बायको म्हणाली. "उठल्यापासून झोपेपर्यंत तो हेच तर करत असतो."

जावई सॉफ्टवेअरमध्ये होता, सभ्य होता आणि मदतीला तत्पर होता. हीच तर अडचण होती. मागच्या भेटीत त्याने कोणी न सांगता स्वयंपाकघरातल्या ओव्हनवरचं चुकलेलं घड्याळ बरोबर लावून दिलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासलेल्या माणसाच्या घरातलं घड्याळ जावयाने दुरुस्त करावं, आणि वर "काही विशेष नाही, बाबा" असं म्हणावं, हा घाव अजून ओला होता. सासऱ्याने जावयाकडे काही मागू नये, त्याला काही विचारू नये, आणि आपलं काही अडलंय याचा त्याला वासही लागू देऊ नये, असं चिटणिसांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी बायकोला ऐकवलं. तिने भांडी जरा जोरात आवरली.

न विचारता सल्ला देणाऱ्यांची मात्र जिन्यात रांग लागली. एकाने सगळ्या पुस्तकांचे फोटो काढून वसाहतीच्या ग्रुपवर टाकायला सांगितलं. पहिला फोटो पडताच सतरा जणांनी फुलं पाठवली आणि दोघांनी श्रद्धांजली वाहिली. दुसऱ्याच्या भाच्याने म्हणे अशीच एक वेबसाइट काढली होती. ती कुठे आहे असं विचारल्यावर भाच्याने तो धंदा सोडून हॉटेल काढल्याचं कळलं.

खरा मार्ग सापडला तो दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत. डॉक्टर वसाहतीतलेच, बोलके. आणि पेशंटला उलट बोलता येत नसल्यामुळे त्यांचं बोलणं चांगलंच फुललेलं असायचं. चिटणिसांच्या तोंडात दोन्ही बाजूंनी कापूस कोंबून ते म्हणाले, "तुम्हाला काय पाहिजे सांगू का? सर्व्हर. म्हणजे दुसऱ्याचा, कायम चालू असलेला कॉम्प्युटर. आपण घरी बसून आपलं सामान त्याच्यावर ठेवायचं, जगाने ते पाहायचं. परदेशी कंपन्या फुकट देतात हल्ली. प्रयोगासाठी, लहानसहान कामासाठी. मी माझ्या अपॉइंटमेंटची पद्धत त्याच्यावरच करून पाहिली. तात्पुरता असतो, पण असतो फुकट."

"आआपूउआ अंजे इई?" चिटणिसांनी विचारलं. तात्पुरता म्हणजे किती, हा त्यांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, आणि त्याचं उत्तर तिथेच मिळालं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण डॉक्टरांना वाटलं दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

जीभ ताळ्यावर येईपर्यंत चिटणिसांनी त्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं होतं. तात्पुरता म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. ते स्वतः खात्यात तात्पुरत्या नेमणुकीवर लागले होते. कोणीतरी रजेवर गेलं होतं, ते परत आलंच नाही, आणि चिटणीस निरोपाचा हार घालूनच बाहेर पडले. त्यांच्या ऑफिसातली तात्पुरती शेड अजून उभी होती. वसाहतीचा तात्पुरता पाण्याचा पाइप मूळ पाइपापेक्षा जुना झाला होता. तात्पुरत्या माणसाने वेळेवर यावं, खाली मान घालून काम करावं, वरिष्ठांच्या नजरेत भरावं. यथावकाश तो कायम होतो. सर्व्हरचंही तसंच असणार. आपण त्याच्यावर नीटनेटकं काम केलं, की कंपनी पाहील आणि कायम करेल.

या भक्कम पायावर त्यांनी कामाला सुरुवात केली. पहिला धोंडा मध्ये आला तो खजिनदारांचा. खजिनदार निवृत्त लेखापरीक्षक, आणि त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी होत्या: एक रजिस्टरमध्ये नोंदलेल्या, आणि दुसऱ्या संशयास्पद.

"फुकट मिळतोय म्हणजे देणगी," खजिनदार म्हणाले. "देणगी म्हणजे संस्थेची मालमत्ता. मालमत्तेची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद पाहिजे. टेबलं, खुर्च्या, पंखा, त्याखाली सर्व्हर."

"पण ती वस्तू नाहीये हो. इथे येणारच नाही ती."

"वस्तू नाही, तर मग तुम्ही वापरणार काय?"

 नोंद झाली. वर्णन: सर्व्हर. नग: एक. ठेवण्याचे ठिकाण: परगावी. रंगाच्या रकान्यापाशी दोघे बराच वेळ अडले. शेवटी खजिनदारांनी 'पाहिलेला नाही' असं लिहून खाली लफ्फेदार सही ठोकली.

सर्व्हर मिळवणं त्या मानाने फारच सोपं निघालं. नाव द्या, फोनवर आलेला आकडा द्या, बटण दाबा. इतक्या कमी कागदांत काही मिळतं यावर चिटणिसांचा विश्वास बसेना. त्यांनी खात्री म्हणून तिन्ही गोष्टी पुन्हा केल्या. कंपनीकडे वाचनालयासाठी तयार पानसुद्धा होतं. पुस्तकाचं नाव, लेखक, आणि 'थोडक्यात माहिती' असे रकाने. पानाच्या कोपऱ्यात एक घड्याळ होतं आणि ते उलटं चालत होतं. चिटणिसांच्या नजरेतून ते सुटलं नाही. फुकटच्या मालात मापाची खोट असायचीच, असं म्हणून त्यांनी ते कंपनीला पुढेमागे कळवायचं मनाशी ठेवलं.

मग दोन बोटांनी ते टाइप करत बसले. 'विहिरींची निगा.' 'पायी पाहिलेली बेटं.' 'कबुतरांचे आजार.' थोडक्यात माहितीचा रकाना रिकामा ठेवला की पान पुढे सरकत नसे, लाल अक्षरांत कुरकुरत असे. म्हणून चिटणिसांनी प्रत्येक पुस्तकापुढे 'वाचनीय' असं लिहिलं. पहिलं कपाट संपलं तेव्हा पाठ धरली होती, पण ऊर भरून आला होता. आपल्या खोलीतली पुस्तकं आता सगळ्या जगाला दिसत होती. त्यांनी बायकोला हाक मारली, चष्मा पुसून तिच्या हातात दिला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"कुठे काय?" बायको म्हणाली. "'तुमचा वेळ संपला. सर्व माहिती पुसण्यात आली आहे. नवीन सर्व्हर हवा आहे का?' असं आहे इथे. आणि एक हसरं तोंड आहे."

ते हसरं तोंड चिटणिसांच्या जिव्हारी लागलं. सर्व्हर जेमतेम काही तासांसाठीच मिळत होता आणि वेळ संपला की सामानासकट नाहीसा होत होता. कोपऱ्यातलं घड्याळ उलटं चालत होतं ते त्यासाठीच. म्हणजे कंपनीचं माप चोख होतं, निरीक्षकाचं वाचन चुकलं होतं, आणि हे तर कोणाला सांगायचीही सोय नव्हती. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं: 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, कोणतीही पूर्वसूचना न देता नोकरीवरून काढणे हे तात्पुरत्या सेवकांच्या बाबतीतही नियमबाह्य आहे.' पत्र पोहोचतं न पोहोचतं तोच उत्तर आलं. कंपनी त्यांची अत्यंत आभारी होती आणि आमच्या सेवेला किती तारे द्याल, असं विचारत होती. चिटणीस शून्य द्यायला गेले, तर शून्य देण्याची सोयच नव्हती. एक तरी द्यावाच लागत होता.

"गहाळ झाला, मोडला, की झिजला?" खजिनदारांनी रजिस्टर उघडून विचारलं.

"नाहीसा झाला."

"नाहीसा असा रकाना नाही."

बऱ्याच चर्चेनंतर 'नैसर्गिक झीज' असं ठरलं. त्याखाली नवीन सर्व्हरची नवीन नोंद झाली. तो संध्याकाळपर्यंत झिजला. चिटणीस इरेला पेटले होते. आठवडाभर ते रोज सकाळी नवा सर्व्हर घेत, रोज हाताचा वेग वाढवत, आणि रोज दुसऱ्या कपाटाच्या मधल्या कप्प्यापाशी ते हसरं तोंड त्यांना गाठत असे. कपाटं एकूण सहा होती. बातमी अध्यक्षांपर्यंत पोहोचली. ते जिन्यात भेटले तेव्हा चिटणिसांच्या चपलांकडे पाहत मायेने म्हणाले, "कशाला त्रास करून घेता? किल्ली आत्ताच दिलीत तरी चालेल."

चिटणिसांनी त्या संध्याकाळी खोली उघडली, पंखा लावला आणि रजिस्टर न उघडता ते नुसतेच बसून राहिले. तिथे गणिताच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण समोरच्याने उत्तर एककासकट द्यावं ही अपेक्षा सुटली नव्हती. चिटणिसांनी कधी नव्हे ते मन मोकळं केलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"यात रडण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या. "काळ, काम आणि वेग. सातवीचं गणित. एका माणसाला हे काम सर्व्हरच्या आयुष्यात झेपत नाही. बरोबर? मग माणसं वाढवा. एकेकाला एकेक कप्पा. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या फोनवरून टाइप करायचं. सभेच्या दिवशी सकाळी बसायचं आणि विषय निघेपर्यंत यादी जिवंत ठेवायची. तालमी मात्र कराव्या लागतील. दर रविवारी."

"पण येणार कोण?"

"मी सांगितल्यावर?" बाई म्हणाल्या. वसाहतीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती.

पहिल्या रविवारी माणसं आली ती बहुतेक बाईंच्या धाकाने. चिठ्ठ्या टाकून कप्पे वाटले. डॉक्टरांना घर, शेती आणि बांधकाम आलं. घड्याळदुरुस्तीवाल्यांना, जे दुकान सोडून कोपऱ्यापलीकडे कधी गेले नव्हते, प्रवासवर्णनं आली. बाईंना स्वतःला रहस्यकथा आल्या. त्यांनी नाक मुरडलं, पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

घड्याळवाल्यांनी सगळ्यांत आधी काम संपवलं, कारण प्रत्येक पुस्तकाच्या थोडक्यात माहितीत त्यांनी 'पुस्तक आहे' असं लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलं.

"हे उत्तर नाही," बाई म्हणाल्या. "उघडून पाहा, आत काय आहे ते लिहा."

मग सगळ्यांनाच पुस्तकं उघडावी लागली. संध्याकाळी सर्व्हर नेहमीसारखा झिजला, खजिनदारांनी नोंद केली, लोक घरी गेले. चिटणिसांना वाटलं, पुढच्या रविवारी कोणी येणार नाही. पण मधल्याच दिवशी घड्याळवाले दुकान बंद करून वाचनालयात आले आणि इकडेतिकडे पाहत म्हणाले, "ते बेटांचं पुस्तक जरा घरी नेऊ का? नाही, म्हणजे त्या माणसाची होडी फुटली तिथपर्यंत आलो होतो. नुसतं लिहिण्यापुरतं हो." चिटणिसांनी पावती फाडली. मागची पावती कधी फाडली होती ते त्यांना आठवेना. शाईचा पॅड पार वाळून गेला होता. शिक्का त्यांनी तोंडाची वाफ देऊन उमटवला.

दुसऱ्या रविवारी लोक बाईंच्या हाकेआधीच हजर होते. गेल्या खेपेला लिहिलेलं पुसलं गेलं म्हणून सगळ्यांची चडफड होत होती, आणि त्या चडफडीत प्रत्येक जण या वेळी जास्त चांगलं लिहिणार होता. डॉक्टर कोंबड्यांच्या पुस्तकाचा गोषवारा घरून पाठ करून आले. बाईंनी मात्र त्या दिवशी हाहाकार माजवला. त्यांनी रहस्यकथा आठवडाभरात वाचून काढल्या होत्या आणि थोडक्यात माहितीच्या रकान्यात, गणिताच्या शिस्तीने, थेट उत्तरं लिहिली होती: 'खून भाच्याने केला.' 'खून कोणीच केला नाही, विमा होता.' 'खून डॉक्टरने केला, हे तिसऱ्या प्रकरणातच लक्षात यायला हवं.'

"अहो बाई, ते मी परवाच घरी नेलंय," दातांचे डॉक्टर कळवळून म्हणाले. "दुसऱ्या प्रकरणात आहे मी."

"मग चुकलं तुमचं. थोडक्यात म्हणजे थोडक्यात."

त्यावरून जे भांडण जुंपलं ते ऐकायला वरच्या मजल्यांवरची माणसं उतरून आली, आणि आल्यासारखी त्यांनीही कप्पे मागितले. खजिनदारांनी तर रजिस्टर मिटून स्वतःसाठी व्यापाराचा कप्पा घेतला. हळूहळू रविवारची वाट रविवारपर्यंत पाहणं लोकांना जमेना. संध्याकाळी खोलीत खुर्च्या कमी पडू लागल्या. एकेका पुस्तकासाठी चारचार नंबर लागले. चिटणिसांना रजिस्टर उघडून कामात असल्याचं दाखवण्याची गरज उरली नाही, कारण ते खरोखर कामात होते. घरी जाताना ते जिन्यात गुणगुणतात, असं बायकोने मुलीला फोनवर सांगितलं. ते सुखात होते, आणि त्यामुळेच त्यांचा जीव टांगणीला लागला होता. आधी एक रिकामी खोली जाणार होती. आता भरलेली जाणार होती.

वार्षिक सभेच्या दिवशी सकाळपासून सगळे बोटं मोडून बसले. मुलगी आणि जावईही सकाळच्या गाडीने आले होते. जावयाला काही कळू नये म्हणून चिटणिसांनी त्याला आग्रहाने झोपायला पाठवलं होतं. बाईंनी हिशोब मांडून दिला होता: यादी दुपारी पुरी होईल, सभा त्यानंतर लगेच, वाचनालयाचा विषय लवकरच निघेल, सर्व्हर तेव्हा ठणठणीत असेल. सगळं तंतोतंत झालं. सहाही कपाटं पडद्यावर झळकत होती, आणि कोपऱ्यातल्या उलट्या घड्याळात विषय निघण्यापुरता वेळ शिल्लक होता.

हिशोबात एकच गोष्ट धरायची राहिली होती. डेडस्टॉकमधून काढून टाकलेल्या प्रत्येक वस्तूला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, असा नियम होता, आणि खजिनदार नियमाने चालणारे होते. ते उठले, चष्मा लावला आणि वाचू लागले, "सर्व्हर, नग एक, रंग पाहिलेला नाही, नैसर्गिक झीज. मंजूर? सूचक? अनुमोदक? पुढचा. सर्व्हर, नग एक..."

कितीही खुणा केल्या तरी खजिनदार मान वर करेनात. वाचनालयावर त्यांचंही प्रेम होतं, पण रजिस्टरवर आधीपासून होतं. चिटणीस घड्याळाकडे पाहत राहिले. गेलेल्या सर्व्हरांचा एकेक करून रीतसर निरोप होत होता, आणि तेवढ्यात शेवटचा सर्व्हर पडद्यावर सगळ्यांदेखत गेला. खजिनदार खाली बसले तेव्हा तिथे हसरं तोंड होतं.

"आता विषय वाचनालयाचा," अध्यक्ष म्हणाले आणि पडद्याकडे वळले. "दाखवा, चिटणीस, काय दाखवताय ते."

चिटणीस उभे राहिले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांनी शब्द दिला होता, आणि शब्दात गुंजभरही तूट त्यांना चालत नसे. त्यांनी खिशात हात घातला. किल्ली नेहमीच्या जागीच होती. शेवटच्या रांगेत जावई झोपेतून उठून येऊन बसलेला त्यांना दिसला, आणि त्याच्या देखत हे व्हावं याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"जरा थांबा," घड्याळवाले मागून म्हणाले. एवढ्या लोकांत ते पहिल्यांदाच बोलत होते. "मी नवीन सर्व्हर घेतलाय. माझा कप्पा मला तोंडपाठ आहे. भरायला लागतो मी."

"व्यापार मी भरतो," खजिनदार ओशाळून म्हणाले.

"सगळ्यांनी फोन काढा," बाई म्हणाल्या.

सभेने माना खाली घातल्या. अध्यक्ष दोनदा घंटी वाजवून थकले. रिकाम्या पडद्यावर एक ओळ उमटली, मग दुसरी, मग चहूकडून ओळी येऊ लागल्या. 'पायी पाहिलेली बेटं: होडी फुटते, माणूस वाचतो, पण परत यावंसं वाटत नाही त्याला.' 'कबुतरांचे आजार: वाचून झाल्यावर खिडकी लावून घ्यावी.' 'खून कोणी केला ते मला माहीत आहे, पण डॉक्टरांचं वाचून व्हायचं आहे.' करण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळे अध्यक्षही वाचू लागले. वाचता वाचता एका ओळीपाशी ते थबकले.

"'पायाखालची जमीन. थोडक्यात: चकाकणारी फरशी टिकत नाही, आणि टिकाऊ फरशी दुकानदार दाखवत नाही, असं लेखक उदाहरणांसह सिद्ध करतो.'" अध्यक्षांचे कान लाल झाले. "कोण हा लेखक? काय कळतं त्याला फरशीतलं? आणा ते पुस्तक इकडे."

"बाहेर गेलंय," चिटणीस म्हणाले. "आणि पुढे चार नंबर आहेत."

"मी अध्यक्ष आहे."

"नंबराने मिळेल."

अध्यक्षांनी सभेकडे पाहिलं. ज्या चौघांचे नंबर पुढे होते ते चौघेही त्यांच्याकडे, आणि मग त्यांच्या पायाखालच्या फरशीकडे पाहत होते. "मग लावा माझा पाचवा," ते म्हणाले.

"अध्यक्षमहाराज," बाईंनी उभं राहून विचारलं, "वाचनालय बंद करण्याचा ठराव मांडताय ना?"

अध्यक्षांनी टेबलावरचा कागद उचलला, घडी केली, पुन्हा उलगडली. "त्याची काही घाई नाही," ते म्हणाले. "आधी मला त्या माणसाचं वाचून तर होऊ दे."

टाळ्या वाजल्या नाहीत, कारण सगळ्यांचे हात टाइप करण्यात गुंतले होते.

सभा आटोपल्यावर चिटणिसांनी वाचनालय उघडलं. पंखा लावला. सवयीने खुर्च्या पुसायला घेतल्या. तेवढ्यात जावई आत आला. कॉम्प्युटरवर यादी अजून उघडीच होती. त्याने ती खालपर्यंत पाहिली.

"बाबा, एक सांगू का?" तो संकोचून म्हणाला. "इथे खाली हे राखाडी बटण आहे ना, ते दाबलं की अख्खी यादी एका फाइलमध्ये तुमच्या कॉम्प्युटरवर उतरते. नवीन सर्व्हर घेतला की ती फाइल चढवायची. क्षणात सगळं परत. पुन्हा टाइप करावंच लागत नाही."

चिटणिसांनी बटणाकडे पाहिलं. ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. पानाची नक्षी असावी असं त्यांना वाटत आलं होतं. ओव्हनच्या घड्याळाच्या वेळी आली होती तशी तिडीक आता येईल म्हणून ते वाट पाहत थांबले, पण ती आली नाही. बाहेर व्हरांड्यात बाई आणि डॉक्टर विमा आणि खून यांवरून वाद घालत होते, घड्याळवाले कोणालातरी बेटांची दिशा हाताने दाखवत होते, आणि पुढच्या रविवारी कोण किती वाजता येणार ते ठरत होतं. चिटणिसांनी हळूच दार लोटून घेतलं.

"जावईबापू, हे आणखी कोणाला बोललात?"

"नाही. आत्ताच लक्षात आलं माझ्या."

"मग एक काम करा माझं. ती फाइल काय ती उतरवून माझ्याकडे ठेवून द्या, असावी आपली. पण बोलू नका कोणाला."

जावयाने एकदा दाराकडे पाहिलं, बाहेरचा गलका ऐकला, आणि मान डोलावली. फाइल उतरवून झाल्यावरही तो गेला नाही. कपाटांवरून नजर फिरवत म्हणाला, "आम्ही पुढच्या रविवारपर्यंत आहोत, बाबा. एखादा कप्पा उरलाय का?"

एकच उरला होता. कवितांचा. सगळ्यांनी तो हातोहात दुसऱ्याकडे ढकलला होता, आणि चिटणिसांनीच त्यातल्या पुस्तकांपुढे 'वाचनीय' एवढं लिहून वेळ भागवली होती. चिटणिसांनी एक बारीकसं पुस्तक काढून, धूळ झटकून जावयाच्या हातात दिलं. तो स्टुलावर बसला. पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. कपाळाला आठ्या घालून त्याने त्या दहाबारा ओळींवरून मान वर केली.

"बाबा," त्याने विचारलं, "याचं थोडक्यात काय लिहायचं?"

"थोडक्याचं नंतर पाहू," चिटणीस म्हणाले. त्यांनी दुसरं स्टूल ओढून जावयाच्या शेजारी घेतलं आणि चष्मा लावला. "आधी मोठ्याने वाचा बघू."